भेटायला आलेली माणसं

सकाळी ७.३०

नाटकवाल्यांचा रविवार वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सुरू होतो. पहिल्या पानावर सरकार पडलेलं असलं तरी आमची नजर आधी नाटकांच्या जाहिरातींकडे जाते. वेळ बरोबर छापली आहे ना, नाट्यगृहाचं नाव चुकलं नाही ना, आपल्या नटाचा फोटो शेजारच्या जाहिरातीतल्या फोटोपेक्षा लहान तर दिसत नाही ना. हा शेवटचा प्रश्न मला पडत नाही, पण दहाच्या आत कुणाला तरी पडतो आणि फोन येतो.

मी पुण्यातला स्थानिक व्यवस्थापक. मुंबईची नाटकं इथं येतात तेव्हा तारखा, जाहिरात, तिकीटखिडकी, जेवण, इस्त्रीवाला हे सगळं माझ्याकडे. आज एकाच नाटकाचे दोन प्रयोग आहेत. साडेबाराला कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात आणि साडेपाचला बालगंधर्व रंगमंदिरात. नाटकाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढं जे येणार आहे ते कुठल्याही चालत्या नाटकाच्या बाबतीत खरं आहे.

या कामांच्या यादीत एक काम कुणीच लिहीत नाही. पडदा पडला की रंगपटाच्या दाराशी उभं राहायचं, भेटायला आलेल्या माणसांना आत सोडायचं आणि वेळेत बाहेर काढायचं. नटाला नाईट, म्हणजे मानधन, मिळते ती प्रयोगाची. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं कुणाच्याच हिशेबात नसतात. माझ्या मते ती कामाचीच मिनिटं आहेत. यावरून माझे एक-दोन निर्मात्यांशी खटकेही उडाले आहेत.

पहिला फोन सात चाळीसला. "दोन तिकिटं आहेत का? मधल्या ओळीत, कडेची." आहेत म्हटलं. "आणि नंतर आत भेटायला सोडतात ना?" नाटक कशावर आहे हे त्यांनी विचारलं नाही. दुसरा फोन अधिक कठीण. आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, तर ताईंच्या, म्हणजे आमच्या नाटकातल्या ज्येष्ठ अभिनेत्रींच्या, हस्ते रंगमंचावर केक कापता येईल का? केकला मी नाही म्हणतो. रंगमंचावर क्रीम सांडलं की त्यावरून फ्लॅट, म्हणजे सेटची भिंत, उचलणारा माणूस घसरतो, हे मी एकदा पाहिलं आहे. आजींना मात्र सगळ्यांत आधी आत घेईन, असा शब्द देतो.

सकाळी ९.००

खिडकी उघडली. आता बहुतेक तिकिटं फोनवरच विकली जातात. खिडकीशी येतात ती माणसं तिकिटापेक्षा बोलायला आलेली असतात. मध्यंतर किती मिनिटांचं? पार्किंग मिळेल का? मूळ संचातल्या बाईच आहेत ना, की बदलल्या? एक गृहस्थ दर नाटकाला त्याच खुर्चीचा आग्रह धरतात. प्लॅन उघडण्याच्या आदल्या रात्रीच त्यांचा मेसेज आलेला असतो. प्रयोगानंतर ते कधीच आत येत नाहीत. मी एकदा कारण विचारलं. "मला ती माणसं तशीच ठेवायची असतात," म्हणाले. मोजक्या प्रेक्षकांचा हा पंथ आहे, आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे.

सेटचा टेम्पो पहाटेच येऊन लागलाय. आत हातोड्यांचे आवाज सुरू आहेत.

सकाळी १०.४५

बस आली. दादरहून पहाटे निघालेली माणसं अर्धवट झोपेत उतरतात. पोहे, चहा. मेकअपवाले काका सगळ्यांच्या आधी आत जाऊन आरशापुढं आपला डबा मांडतात. ताई उतरल्या उतरल्या रंगमंचावर जातात, वाकून हात लावतात आणि मग कपाळाला. नायक स्वतःच्या गाडीनं येतो. त्याची गाडी फाटकाशी वळायच्या आत चार-पाच मुली पुढं होतात. त्या नाटकाच्या प्रेक्षक नव्हेत, निदान अजून तरी नाहीत. रोज रात्री मालिकेत दिसणारा माणूस रविवारी कोथरूडला खरोखर चालताना बघायला त्या आल्या आहेत. त्यांतल्या दोघींकडे आजचं तिकीट नसतं. मी काही बोलत नाही. नायक मात्र थांबतो, फोटो देतो आणि विचारतो, "नाटक बघताय ना?" अशा विचारण्यातून तिकिटं खपतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

नटाला येता-जाताना गाठायची रीत जगभर आहे. न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर मागच्या दाराबाहेर लोखंडी कठडे लावतात. कठड्याच्या एका बाजूला प्रेक्षक, दुसऱ्या बाजूनं सह्या करत जाणारा नट. जपानमध्ये ताकाराझुका नावाची फक्त स्त्रियांची नाटक मंडळी आहे, पुरुषांची कामंही स्त्रियाच करतात. तिचा पहिला प्रयोग 1914 सालचा. म्हणजे आपल्याकडे 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर उभे राहत होते, साधारण त्याच काळात तिकडं बायका पुरुषी पोशाखात नाचत होत्या. त्या मंडळीचे चाहते अभिनेत्री येण्याच्या आणि जाण्याच्या वेळी रस्त्याकडेला रांगा करून थांबायचे. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. पत्रं हातात द्यायची आणि बाजूला व्हायचं.

आपल्याकडे कठडाही नाही आणि रांगही नाही. आपला प्रेक्षक थेट आत येतो. आरशासमोर नट चेहऱ्यावरचा रंग पुसतोय, कुणी शर्ट बदलतंय, आणि दारात सात माणसांचं कुटुंब उभं. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना हे बघून धक्का बसतो. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नाही, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांची नाटकाशी ओळख अशीच, कुणाचं तरी बोट धरून आत गेल्यावर झालेली असते.

दुपारी १२.२०

नारळ, उदबत्ती, नटराज. पहिली घंटा. आता दार बंद, अगदी निर्मात्याच्या मेव्हण्यालासुद्धा. दुसऱ्या घंटेनंतर ताई कुणाशी बोलत नाहीत. विंगेत एका ठरावीक स्टुलावर बसतात.

फोन बंद ठेवायची सूचना दोनदा होते आणि तरी पहिल्या अंकात एक वाजतोच. 2019 साली सुबोध भावे यांनी याला वैतागून नाटकात काम करणंच थांबवण्याची भाषा जाहीरपणे केली होती. तेव्हा काही दिवस बरीच चर्चा झाली. आज जो वाजला त्याच्यावर भजन होतं.

दुपारी १.४५

मध्यंतर. बटाटेवड्याची रांग बाहेर आणि माझी परीक्षा आत. एक जोडपं दारात येतं. "आम्हाला तीनची गाडी आहे हो, फक्त दोन मिनिटं भेटतो ताईंना." नाही. "तुम्ही ओळखलं नाही आम्हाला." ओळखलं तरी नाही. कपडे बदलायला ताईंना मिळतात नऊ मिनिटं. त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. मध्यंतरात नटाशी हात मिळवलेल्या प्रेक्षकाला दुसऱ्या अंकात भूमिका दिसत नाही, मघाशी भेटलेला माणूस दिसतो. त्याचं तिकीट अर्धं वाया जातं. हे मी त्यांना समजावलं नाही, तेवढा वेळ नव्हता. "नियम आहे," एवढंच म्हणालो. नियम लिहिलेला कुठंच नाही.

दुपारी ३.०५

पडदा. टाळ्या. सगळे रांगेत उभे राहून नमस्कार करतात. नायक पुढं येऊन सांगतो की नाटक आवडलं असेल तर चार जणांना सांगा, नसेल आवडलं तर आम्हाला सांगा. हल्ली जवळपास प्रत्येक नाटकाच्या शेवटी अशा अर्थाचं काहीतरी बोललं जातं. वाक्याचा पहिला भाग लोक पाळतात.

इथून पुढं दोन कामं एकाच जागेवर, एकाच वेळी सुरू होतात. बालगंधर्वला साडेपाचला पडदा उघडायचा आहे. म्हणजे सेटवरचा हा दिवाणखाना पाऊण तासात उतरवून टेम्पोत भरायला हवा, कर्वे रोड पार करायला हवा आणि तिकडं पुन्हा उभा करायला हवा. रंगमंच कामगार पडदा टेकायच्या आत स्क्रू ढिले करायला लागलेले असतात. आणि बाजूच्या दारातून माणसं वर येत असतात.

"बाजूला, बाजूला, फ्लॅट येतोय!" ही हाक ऐकून लोक भिंतीकडे सरकतात, आणि भिंतही निघून जाते. एका काकूंना नाटकातल्या सोफ्यावर बसून फोटो हवा होता. त्या बसल्या, फोटो झाला, त्या उठल्या आणि सोफा लगेच उचलला गेला. "बघा, अगदी आपल्याकडच्यासारखाच आहे," त्या नवऱ्याला सांगत होत्या. सोफा टेम्पोत चढेपर्यंत त्यांचं बोलणं चालू होतं.

मी पंधरा मिनिटं ठरवून घेतो. आधी म्हातारी माणसं आणि लहान मुलं, मग बाकीचे. सकाळच्या फोनमधल्या आजी व्हीलचेअरवर होत्या. त्यांना आत आणायला रंगमंचाकडून रस्ता नाही, पायऱ्या आहेत. म्हणून ताई खाली प्रेक्षागृहात गेल्या, तशाच, डोक्याला टोपाची जाळी असताना. आजींनी त्यांना जवळ बोलावलं आणि चेहऱ्याला हात लावून पाहिला. खूप वर्षांपूर्वी पाहिलेल्या कुठल्या तरी नाटकाचं नाव घेतलं. त्या नाटकात ताई नव्हत्याच, दुसऱ्या अभिनेत्री होत्या. ताई म्हणाल्या, "हो, आठवतंय ना." असं खोटं बोलायचं की नाही यावर नटांमध्ये दोन मतं आहेत. मी ताईंच्या बाजूचा.

आत एव्हाना फोनच फोन झाले होते. पूर्वी माणूस आत यायचा तो आधी एक वाक्य बोलायचा. "छान झालं", "रडवलंत", "आमच्या मोठ्या बहिणीची आठवण झाली". मग सही, आणि कॅमेरा असला तर फोटो. आता सुरुवातच फोटोनं होते आणि बऱ्याचदा शेवटही. येतात, शेजारी उभे राहतात, हात लांब करतात, नीट आलाय का ते बघतात आणि जातात. नटाकडे बघतातसुद्धा ते फोनच्या काचेतून. मला सेल्फीचा राग नाही. त्या फोटोंनी आमची फुकट जाहिरात होते आणि सोमवारच्या बुकिंगवर त्याचा परिणाम दिसतो. पण नटाच्या बाजूनंही बघायला हवं. दिव्यांच्या झोतात उभं राहिलं की समोर त्याला काळोख दिसतो. हशा ऐकू येतो, टाळी ऐकू येते, खोकलाही ऐकू येतो. मात्र समोरच्या माणसानं नेमकं काय घेतलं हे कळायची जागा ही एवढीच, दहा बाय बाराची, पंख्याचा आवाज करणारी खोली. तिथंही कुणी काही बोललं नाही, तर तो बसमध्ये बसून मुंबईपर्यंत काय विचार करणार?

बालनाट्याच्या प्रयोगाला हीच खोली वेगळी असते. 'अलबत्या गलबत्या'तल्या चिंची चेटकिणीला भेटायला मुलं आईच्या मागं लपत लपत येतात. रत्नाकर मतकरींच्या या नाटकात ती चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि 2018 मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. अशा नाटकात नटापुढं खरा पेच असतो. रंग पुसून मुलांना भेटायचं की चेटकीण म्हणूनच? पुसला तर मूल हिरमुसतं, नाही पुसला तर रडतं. एका चिमुरडीनं चेटकिणीला विचारलेलं मी ऐकलंय, "तू घरी कशानं जातेस?" उत्तर आलं, "रिक्षानं. झाडूला पार्किंग मिळत नाही." पोरीनं गंभीरपणे मान डोलावली. पुण्यातली होती, तिला पटलं.

तीन वीस झाले. "चला, चला, गाडी लागली आहे." हे मी अत्यंत कोरड्या आवाजात म्हणतो. चांगुलपणा नटाकडं राहावा, वाईटपणा माझ्याकडं, अशी ही वाटणी ठरलेली आहे.

दुपारी ४.००

ताई माझ्याच गाडीत. मांडीवर डबा, भाजी-पोळी. नळ स्टॉपला गाड्या खोळंबल्या आहेत. शेजारच्या स्कूटरवरच्या बाई काचेतून आत बघतात, ओळखतात, हात करतात. ताई घास हातात धरून हात करतात.

मागच्या सीटवर मेकअपवाले काका. त्यांना जुन्या गोष्टी सांगायला आवडतं आणि मला ऐकायला. डॉ. काशिनाथ घाणेकरांचा विषय निघाला. 'रायगडाला जेव्हा जाग येते' मधला संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले' मधला लाल्या या दोन भूमिकांनी त्यांना मराठी रंगभूमीचा असा हिरो केलं की त्यांच्या एन्ट्रीला शिट्ट्या पडायच्या. चाहत्यांचं वेड आणि त्या वेडाची सवय या दोहोंची किंमत त्यांनी मोजली. 1986 साली नाटकाच्या दौऱ्यावरच, अमरावतीत त्यांचं निधन झालं. काकांचं म्हणणं असं की टाळी कमी झाल्याचं नटाला प्रेक्षकांच्याही आधी कळतं, आणि ते पहिल्यांदा रंगपटातच कळतं. दारातली माणसं कमी होतात. ताई काही बोलल्या नाहीत. डबा बंद केला.

उलटाही प्रकार असतो. निळू फुल्यांनी पडद्यावर आणि रंगमंचावर इतके खलपुरुष उभे केले की खऱ्या आयुष्यात साधा, राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा माणूस समोर दिसला तर बायका बोटं मोडायच्या, असं सांगतात. खलनायकाला भेटायला आत येणारे आजही जरा अंतर ठेवूनच उभे राहतात. आमच्या नाटकात सुनेला छळणारा दीर आहे. ते काम करणारा मुलगा इतका गरीब आहे की सगळ्यांच्या बॅगा तोच उचलतो. त्याला दर प्रयोगाला एखादी मावशी सुनावून जाते. आज कोथरूडला एकीनं त्याला "बरं नाही केलंस हं" म्हटलं आणि मग हातात राजगिऱ्याची वडी ठेवली.

संध्याकाळी ५.००

बालगंधर्व. जंगली महाराज रस्त्यावरून आत वळलं की मला अजूनही बरं वाटतं. नाट्यगृह पाडून नवं बांधायचं की आहे तेच सांभाळायचं, हा वाद महापालिकेत आणि नाटकवाल्यांत गेली काही वर्षं चालू आहे. त्यावर माझं मत आहे, पण ते इथं सुरू केलं तर साडेपाचचा प्रयोग होणार नाही.

समोरच्या दालनात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. मध्यंतरात लोक वडा हातात घेऊन त्यांच्यापुढं उभे राहतात. या वास्तूची कोनशिला 1962 मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. 1967 मध्ये ते गेले आणि 26 जून 1968 रोजी उद्घाटन झालं. आपल्या नावाच्या रंगमंदिरात त्यांना प्रयोग बघता आला नाही.

चाहत्यांचा विषय निघाला की त्यांना वगळून पुढं जाताच येत नाही. त्यांची नेसण, अंबाडा, नथ घालायची तऱ्हा घराघरांतल्या बायका उचलायच्या. आणि ते स्वतः प्रेक्षकांना मायबाप, अन्नदाते मानायचे, समोरच्याला "देवा" म्हणून हाक मारायचे. 12 मार्च 1911 ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, आणि प्रयोग झाला. ही गोष्ट आम्ही नाटकवाले फार अभिमानानं सांगतो. मला तिची भीती वाटते. प्रेक्षकाला इतकं मोठं करून ठेवलं की मग ताप असला तरी फोटोला हसावं लागतं. आज आमच्या नायकाला ताप आहे. गोळी घेऊन उभा आहे.

सेट साडेपाचला पाच कमी असताना उभा राहिला. पाच एकतीसला प्रेक्षागृहातून टाळ्या सुरू झाल्या. कौतुकाच्या नव्हेत, घड्याळाच्या. पुणं.

रात्री ८.०५

बालगंधर्वची भेटणारी माणसं निराळी. कोथरूडला कुटुंबं येतात. इथं पेठांतली, डेक्कनवरची जुनी नाटकबघी मंडळी अजून टिकून आहेत. चप्पल विंगेबाहेर काढून आत येणारे इथंच दिसतात. एक बाई आल्या, ताईंच्या पाया पडल्या. ताई त्यांच्याहून लहान असाव्यात. ताईंनी त्यांना धरून उठवलं. 'संगीत देवबाभळी'सारख्या नाटकांना तर रखुमाई झालेल्या नटीच्या पायांवर डोकं ठेवणारी माणसं भेटली आहेत. तिथं काय बोलणार? नटानं गप्प उभं राहावं हेच बरं.

मग येतात स्वतःचं सांगायला आलेल्या बायका. नाटकात घर सोडणारी, नवऱ्याला जाब विचारणारी बाई असली की त्या हमखास येतात, आणि एकट्या येतात. 'चारचौघी' 1991 मध्ये आलं, 2022 मध्ये नव्या संचात पुन्हा आलं. मधल्या तीस वर्षांत बायकांचं बोलणं संपलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एखादा रविवार माझ्या जागी दारात उभं राहावं. आज पिवळ्या कुर्त्यातली एक बाई सगळे जाईपर्यंत कोपऱ्यात थांबली. मी घड्याळ दाखवलं. ताईंनी मला डोळ्यांनी थांबवलं. दोघी इस्त्रीच्या टेबलामागं चार-पाच मिनिटं हळू आवाजात बोलल्या. मी ऐकलं नाही. जाताना बाईनं फोटो मागितला नाही.

आणि मग ते आले. सत्तरीचे, पांढरा शर्ट, बगलेत छत्री. अशा माणसाची प्रत्येक नट वाट बघतो आणि धास्तीही घेतो. "नाटक ठीक," ते म्हणाले. पुण्यात ठीक म्हणजे बरंच चांगलं. "पण दुसऱ्या अंकात तुम्ही ते पत्र वाचता, बारीक अक्षरातलं. बाईंचं वय साठीचं दाखवलंय. चष्मा कुठाय?" ताई क्षणभर गप्प. दिग्दर्शकाला, लेखकाला, आम्हा कुणालाही इतक्या प्रयोगांत हे दिसलं नव्हतं. "पहिल्या अंकात पेपर चाळतानाही नव्हता," त्यांनी पुस्ती जोडली. ताईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत. "तेवढंच सांगायचं होतं," म्हणाले आणि निघून गेले. नाव सांगितलं नाही, सेल्फी नाही, काही नाही.

सेट उतरवणाऱ्या मुलांकडे कुणी भेटायला येत नाही. आज आली. कॉलेजातली मुलगी, पुरुषोत्तम करंडकात यंदा प्रकाशयोजना करणार आहे. 1963 पासून चाललेल्या या कॉलेज एकांकिकांच्या स्पर्धेनं पुण्यातल्या किती पोरांना नाटकाचं वेड लावलं याची गणती नाही. नायकाच्या घोळक्याला वळसा घालून ती थेट आमच्या लाइटवाल्याकडे गेली आणि पहाटेचा प्रसंग कुठल्या रंगानं केला ते विचारू लागली. तो आधी गांगरला. मग वायर गुंडाळता गुंडाळता दहा मिनिटं बोलत राहिला. त्याला आवरायला सांगणं माझ्या जिवावर आलं.

लॉकडाऊननंतर, 22 ऑक्टोबर 2021 पासून नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा उघडली, तेव्हा आत भेटायला बंदी होती. सेट वेळेत उतरत होता, गाड्या वेळेत निघत होत्या, माझं काम निम्मं झालं होतं. नट मात्र प्रयोग संपल्यावर मेकअपच्या खोलीत तसेच बसून राहायचे, आणि मग एकमेकांनाच विचारायचे, कसा झाला?

रात्री ९.००

साडेनऊला इथंच लावणीचा कार्यक्रम आहे. त्यांचे ढोलकीवाले, पेटीवाले आत यायला लागलेत. आमचं सामान बाहेर, त्यांच्या ट्रंका आत, एकाच दारातून.

या कार्यक्रमाला दाराचा कायदा पार उलटा होतो. कार्यक्रम संपल्यावर कलावंत मुलींच्या खोलीपाशी कुणालाही जाऊ देत नाहीत. त्यांच्या व्यवस्थापक बाई स्वतः तिथं खुर्ची टाकून बसतात. आमच्या ताईंना भेटायला येणाऱ्याचं आपण कौतुक करतो. तोच माणूस, त्याच पाचशेच्या तिकिटावर, लावणी करणाऱ्या मुलीपुढं आला की त्याचा हात खिशात जातो आणि भाषा बदलते. सगळ्यांची नाही, पण खुर्ची टाकून बसावं लागेल इतक्यांची. लावणीचे खास महिलांसाठीचे प्रयोग पुण्यात होतात, तेव्हा ती खुर्ची रिकामी असते. बायका आत येतात, मुलींच्या साड्या बघतात, घुंगरांचं वजन विचारतात. तेव्हा ह्याच दाराशी नुसता हसण्याचा आवाज असतो. व्यवस्थापक बाईंना मी चहा विचारला. "नंतर," म्हणाल्या. त्यांची वेळ आता सुरू होणार होती.

रात्री १०.१५

जेवणं झाली. बस निघायची तयारी. फाटकाशी सकाळच्या त्या मुलींपैकी दोघी पुन्हा उभ्या. म्हणजे तिकीट काढलं होतं तर. नायकाला त्यांनी नाटकातलं एक वाक्य म्हणून दाखवलं, बरोबर म्हटलं. त्याचा ताप वाढला होता. तरी त्यानं ते वाक्य पुढं पूर्ण केलं.

चालकाला मी दर वेळी तेच सांगतो, झोप आली तर थांब, कुणाचं ऐकू नकोस. डिसेंबर 2012 मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे नट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेले. त्याआधी 2001 मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे याच रस्त्यावर गेल्या. त्यामुळं भेटायला आलेली माणसं लांबली की मी अस्वस्थ होतो ते भाड्याच्या तासांसाठी नव्हे. इथं दारात गेलेली वीस मिनिटं चालक घाटात भरून काढायला बघतो.

बस सुटली. मेट्रो बंद व्हायच्या आत घर गाठायला प्रॉम्प्टिंगचा पोरगा पळाला.

रात्री ११.४५

घरी. दोन्ही खिडक्यांचा हिशेब, नाट्यगृहाचं भाडं, जेवण, टेम्पो, हमाली. कोथरूड हाऊसफुल्ल, बालगंधर्व मागच्या दोन ओळी सोडून. पुढच्या रविवारच्या जाहिरातीचा मजकूर मंगळवारपर्यंत द्यायचा आहे. नायकाच्या फोटोंनी फोन भरून गेलाय, सगळ्यांनी मलाही टॅग केलंय, मी बहुतेकांत अर्धा कापलेला.

बारा वाजून गेल्यावर ताईंचा मेसेज आला, खालापूरहून. चहाला थांबले आहेत. "पुढच्या प्रयोगाला प्रॉपर्टीत चष्मा हवा. साधी काच. साखळीचा नको, ती बाई साखळी लावणार नाही. पहिल्या अंकातही ठेवते, पेपरजवळ."

प्रॉपर्टीच्या यादीत लिहून ठेवलं. लक्ष्मी रोडची दुकानं सोमवारी बंद. म्हणजे मंगळवारी जाहिरात देऊन येताना बघावं लागेल.